आरएक्स १००: पिस्टनचं लॉक उडालं, जुनं लावून ब्लॉक बसवला. पुन्हा खोलू का?

मानेवाडा_आरएक्स (रविवार, सकाळी ७.१०)

नमस्कार मंडळी. प्रश्न एका ओळीचा आहे, पण गोष्ट सांगितल्याशिवाय समजणार नाही, म्हणून जरा लांबण लावतो.

बाबांची १९९३ ची यामाहा आरएक्स १०० आहे, टू-स्ट्रोक मोटरसायकल. उमरेड रोडवर चालता चालता आवाज करून बंद पडली, टेम्पोत घालून घरी आणली, तेव्हापासून नऊ वर्षं मागच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी. दोन वर्षांपूर्वी गल्लीतल्या एका मेकॅनिकनं ब्लॉक-पिस्टन काढून खोक्यात भरून दिलं. पुढे पैशाचं जमलं नाही, ते तसंच राहिलं. आता बाबा रिटायर झालेत आणि रोज चहा पिताना ताडपत्रीकडे पाहतात. म्हटलं या मे महिन्यात करूनच टाकू, स्वतःच्या हातानं.

ब्लॉक (ज्यात पिस्टन वरखाली होतो तो सिलिंडर) बोअरिंगला, म्हणजे आतून घासून मोठा करायला दिला. लेथवाले म्हणाले, आत उभी रेघ आहे, ०.२५ मध्ये निघत नाही, ०.५० ला जावं लागेल. मूळ बोअर ५० मिमी, आता ५०.५०. घाट रोडवरून पिस्टन किट आणलं. पिस्टन, रिंगा, गजन पिन (पिस्टनला कॉनरॉडशी, म्हणजे क्रॅंक फिरवणाऱ्या दांड्याशी जोडणारी), दोन लॉक. लॉक म्हणजे पिनेच्या दोन्ही टोकांना पिस्टनच्या खाचेत बसणारी, पिन बाजूला सरकू न देणारी कडी. ही साध्या गोल तारेची, ओढायला शेपटी नसलेली.

काल रात्री अकराला बसवायला घेतलं, कारण दिवसा ४५ होतं, पान्हा हातात धरवत नव्हता. कूलर लावून मागच्या खोलीत इंजिन फ्रेमसकट टेकवलं. पिस्टन कॉनरॉडवर चढवला, पिन टाकली, उजवीकडचं लॉक वीस मिनिटांत बसलं. डावीकडचं नोजप्लायरनं दाबलं. अर्धं खाचेत, अर्धं बाहेर. अंगठ्यानं रेटायला गेलो आणि टिंग. एवढाच आवाज. क्रॅंककेसच्या (खाली क्रॅंक असतो त्या डब्याच्या) तोंडात फडकं होतं, पण पिस्टन एका बाजूला कलत होता म्हणून त्याला टेकू द्यायला मी दोनच मिनिटांपूर्वी तेच फडकं ओढून घेतलं होतं. हे लिहितानाही लाज वाटून राहिली.

दीड तास झाडू, टॉर्च, आईच्या शिवणाच्या डब्यातलं लोहचुंबक. काही नाही. मग खोक्यात जुन्या पिस्टनसोबत एक जुनं लॉक दिसलं (एकच होतं, दुसरं कुठं गेलं देव जाणे). घासलेटमध्ये धुऊन तेच लावलं. ते मात्र एकदम सहज बसलं. तारेच्या दोन टोकांमधली फट बाजूला आली आहे, घड्याळात तीन वाजतात तशी. मग ब्लॉक, हेड, नट, सगळं कसून रात्री अडीचला झोपलो.

गाडी अजून सुरू केलेली नाही. किक हातानं हळूच फिरवली, काही अडकलं नाही. आता विचारतो: हे चालेल का? का पुन्हा खोलू? आणि फट कुठे हवी, यावर दहा जण दहा गोष्टी सांगतात.

धरमपेठ_स्प्लेंडर (रविवार, सकाळी ७.४८)

सुरू केली नाहीस ना? मग आता तर्री पोहे खा आणि खोलायला बस. दोन तासांचं काम आहे. सुरू करून बघायचा मोह झाला तर प्लग काढून खिशात ठेव.

रंकाळा_टूस्ट्रोक (रविवार, सकाळी ८.३०)

भावा, एवढं काय घाबरतोस. क्रॅंककेसात लॉक पडलं असेल तर खोलायलाच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण फटीचं म्हणशील तर मी कोल्हापुरात वीस वर्षं टू-स्ट्रोक बांधतोय, फट जिथं येईल तिथं सोडतो. वर, खाली, आडवी. आजवर एकही सुटलेलं नाही. लोक पुस्तकं वाचून उगीच डोक्याला ताप करून घेतात.

उडू नये म्हणून एक युक्ती देतो. मोठी पारदर्शक प्लास्टिकची पिशवी घ्यायची, पिस्टन आणि आपले दोन्ही हात तिच्यात घालायचे आणि आतच काम करायचं. उडालं तर पिशवीत पडतं. बघणारा हसतो, हसू दे. लॉक शोधत रात्री रांगण्यापेक्षा बरं.

आणि जुनं लॉक काढून फेक. दहा रुपयांच्या वस्तूसाठी ब्लॉक घालवू नको.

सक्करदरा_गॅरेज (रविवार, सकाळी ११.२०)

बेटा, तुझं सगळं दोनदा वाचलं. तू लॉकची दिशा विचारून राहिला, पण मले दुसरीच गोष्ट खटकून राहिली. ते शेवटी सांगतो.

आधी तुझं उत्तर. खोल. लॉक म्हणजे स्प्रिंग होय. एकदा बसवून काढलं का तिचा दम जाते. सहज बसलं म्हणतं ना तू, तेच खराब लक्षण. नवीन लॉक अंगठ्याले त्रास दिल्याशिवाय बसत नाई. जे सहज बसलं ते सहज निघते, आणि ते निघण्यासाठी साडेसात हजार आरपीएमची जागा निवडते.

उजवीकडचं नवीन आहे, पण वीस मिनिटं तू त्याच्याशी कुस्ती खेळला. तेही फेक. दोन नवीन आण, चार आण. एखादं उडालंच त हात थरथरत नाई.

आता बसवायचं कसं. पिस्टन कॉनरॉडवर चढवून मग दोन्ही लॉक लावायचे, ही पहिली चूक. एक लॉक टेबलावरच बसवून घ्यायचं, पिस्टन मांडीवर फडक्यात धरून, उजेडात, निवांत. मग गाडीवर एकच बाजू उरते. ती बाजू कोणती ते आधी ठरव. जिकडून तुझा उजवा हात मोकळा चालते ती.

क्रॅंककेसच्या तोंडात फडकं असं कोंब का कॉनरॉडभोवती काडी जाणार नाई. सुती फडकं, जुन्या लुंगीचं चालते. कॉटन वेस्ट नको, त्याचे धागे सुटून खाली जाते आणि बेअरिंगमध्ये गुंडाळते. टेकूसाठी दुसरं घे, दोन लाकडाच्या पट्ट्या घे, काही घे, पण तोंडातलं फडकं शेवटचं लॉक बसल्याशिवाय निघत नाई म्हणजे नाई. घरचे लोक जेवायले बोलावते तेव्हाबी नाई.

पिन जड जात असन त ठोकू नको. पिस्टन गरम कर. या दिवसांत त काय, दुपारी दोनले टिनाच्या छतावर अर्धा तास ठेव आणि पिन फ्रीजमध्ये. बोटानं जाते. माझ्याकडचे पोरं याले हसत, मग स्वतः करत.

लॉकचं एक टोक खाचेत टेकव. त्याच्यावर डाव्या अंगठ्याचं नख, ते सोडायचं नाई. दुसरं टोक नोजप्लायरनं आत घे, पण फक्त भोकात शिरण्यापुरतं. जास्त दाबलं का तार मरते, मग ती खाचेत बसते पण धरत नाई. आता बारीक पेचकस घे, त्याच्या धारेनं नाई, पाठीनं, तारेले गोल रेटत ने. टक् असा आवाज येते. टक् झालं का लोक खुश होते आणि ब्लॉक चढवते. तू थांब. पेचकसच्या टोकानं तारेवरून पूर्ण चक्कर मार. सगळीकडं सारखी खोल लागली पाह्यजे. एका जागी जरी उंच लागली त ती बसली नाई, तुले बसल्यासारखी दिसून राहिली फक्त. टॉर्च तिरपा धरून पाह्य, सावली सारखी पडते का.

चष्मा घाल. एकदा मी घातला नव्हता. भुवईत खूण आहे, अजून आहे.

आणि पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडं. तू पाह्यलाच असन, पण विचारतो.

हरवलेलं लॉक चुंबकानं काढशील त चुंबक क्रॅंकलेच जाऊन चिपकते, कारण क्रॅंक पूर्ण लोखंडाचा. तुझ्या आईच्या डब्यातलं चुंबक म्हणूनच काही बोललं नसन. बारीक चुंबक जाड प्लास्टिकच्या नळीत बसव, फक्त तोंड उघडं, मग बाजूनं ओढ कमी लागते. त्यापेक्षा सरळ इंजिन उतरव. आरएक्सचं इंजिन एक माणूस उचलते. उलटं कर, घासलेट मार, खाली पांढरं कापड. आणि तवर क्रॅंक फिरवू नको. तू किक फिरवलीच म्हणा. आता नको फिरवू.

आता खटकलेली गोष्ट.

खोक्यात जुन्या पिस्टनसोबत एकच लॉक. लेथवाल्याले ब्लॉकात उभी रेघ दिसली. गाडी चालता चालता आवाज करून बंद. या तीन गोष्टी एका ताटात वाढून पाह्य. लेथवाल्याले विचार, रेघ कोणत्या बाजूले होती. सीझची (पिस्टन तापून ब्लॉकात जाम झाल्याची) असन त बहुतेक सायलेन्सरच्या बाजूले राहते, रुंद, ॲल्युमिनियम चोपडल्यासारखी. लॉकची असन त पिनेच्या टोकासमोर राहते, खिळ्यानं ओढल्यासारखी, एकच. आणि जुना पिस्टन पाह्य, दोन्ही बाजूच्या खाचा पाह्य.

माझ्याकडं एक स्कूटर आली होती, बरीच वर्षं झाली. ब्लॉकात अशीच रेघ. आधीच्या गॅरेजनं बोअर केला, नवा पिस्टन, नवे लॉक, सगळं नवीन. दोन महिन्यांत पुन्हा तीच बाजू, तीच रेघ. गिऱ्हाईक लॉकाले शिव्या देऊन राहिला. मी कॉनरॉड पाह्यला त वाकडा. कोणीतरी कधीतरी पिन हातोड्यानं ठोकून काढली होती, खाली आधार न देता. रॉड वाकडा असला का पिन दर फेऱ्याले एका बाजूले सरकते, लॉकाले ढुसण्या मारते. लॉक पिनेले जागेवर ठेवण्यासाठी आहे, तिले थोपवून धरण्यासाठी नाई. किती दिवस थोपवन ते?

तुझी पिन त्या गल्लीतल्या मेकॅनिकनं कशी काढली होती?

मानेवाडा_आरएक्स (रविवार, दुपारी ४.०५)

काका, हात जोडले.

पिन त्यानं कशी काढली माहीत नाही, मी तेव्हा कॉलेजात होतो. बाबा म्हणतात आवाज बराच येत होता.

लेथवाल्यांना फोन केला. त्यांना आठवलं, कारण त्या रेघेवरून आमची घासाघीस झाली होती. म्हणाले, "डावीकडं, एकच, सरळ, नखात अडकत होती." सायलेन्सरच्या बाजूला नव्हती.

मग खोकं उघडलं. जुना पिस्टन काजळीनं काळा होता, घासला. उजवीकडची खाच चांगली, कडा धारदार. डावीकडची खाच अर्ध्या गोलात आहेच नाही. कडा खाल्ल्यासारखी, चमचा फिरवून काढल्यासारखी झिजली आहे. मी हा पिस्टन दोन वर्षांत चार वेळा हातात घेतला असेल, एकदाही ती बाजू पाहिली नाही.

म्हणजे रात्री मी जे जुनं लॉक लावलं ते उजवीकडचं. डावीकडचं नऊ वर्षांपूर्वीच गेलं. पण मग ते गेलं कुठं?

आज हेड आणि ब्लॉक उतरवला. इंजिन उद्या.

हिंगणा_क्यूसी (रविवार, रात्री ९.१५)

सक्करदऱ्याच्या काकांनी मुख्य रोग धरला आहे, त्यात भर घालण्यासारखं थोडंच आहे. मी हिंगण्याला एका कारखान्यात तपासणी विभागात आहे, रोजचं काम मोजण्याचंच. फटीच्या दिशेबद्दल मात्र रंकाळा यांच्याशी माझं जमत नाही, म्हणून हिशेब मांडते.

आरएक्सचा स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) ५० मिमी, म्हणजे क्रॅंकची त्रिज्या २५. कंपनीनं ११ अश्वशक्ती ७५०० आरपीएमला दिली होती, तोच वेग धरू. पिस्टन दर सेकंदाला २५० वेळा थांबून उलटा फिरतो. वरच्या टोकाला त्याचं त्वरण गुरुत्वाच्या दीड हजार पटीच्या वर जातं. कॉनरॉड तिरपा होत असल्यामुळे वरच्या टोकाला खालच्यापेक्षा जास्तच. ही लॉकची तार एक मिमी जाडीची धरली तर वजन साधारण ०.२ ग्रॅम भरतं. चिमटीत धरलं तर जाणवत नाही. त्या क्षणी तिचं वजन साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास होतं. एका सेकंदात २५० वेळा, आळीपाळीनं वर आणि खाली.

आता फट बाजूला आहे असं समजा, तीन वाजता. लॉकचे दोन हात होतात, एक वरून येणारा, एक खालून येणारा, दोघांची टोकं मोकळी. पिस्टन वरच्या टोकाला थांबतो तेव्हा लॉकला वर जायचं असतं. वरच्या हाताला खाच अडवते. खालचा हात मात्र वर म्हणजे भोकाच्या मध्याकडे, खाचेच्या बाहेर जायला बघतो, आणि त्याचं टोक मोकळंच आहे. खालच्या टोकाला बरोबर उलटं, तेव्हा वरचा हात आत येऊ बघतो. म्हणजे प्रत्येक फेऱ्यात फट थोडी मिटते, थोडी उघडते. तारेत दम असेल तर ती टिकते. तार जुनी असेल, बसवताना जास्त दाबली असेल, तर एके दिवशी टिकत नाही.

फट वर किंवा खाली असली की दोन्ही हात उभे असतात, धक्का त्यांच्या लांबीच्या दिशेनं जातो, मध्याकडे येत नाही. बहुतेक मॅन्युअलमध्ये दोन्ही चालतात. मी स्वतः खाली ठेवते, कारण वरच्या टोकाचा धक्का मोठा आणि तेव्हा लॉकचा अखंड भाग खाचेला टेकलेला बरा. पिस्टनला लॉक काढण्यासाठी एक छोटा कट दिलेला असतो, फट त्या कटासमोर कधीच येऊ द्यायची नाही. तिथे टोकांना मागून आधारच नसतो. कट खाली असेल तर फट वर घ्या, एवढंच.

रंकाळा, तुमची वीस वर्षं खोटी नाहीत. नवीन लॉक, चांगली खाच आणि सरळ रॉड असला की आडवी फटही खपून जाते. मानेवाड्याच्या भावाकडे डावं लॉक जुनं होतं, आणि रॉड सरळ आहे का ते अजून पाहायचं आहे.

काकांच्या टिनाच्या छताचंही गणित बसतं बरं का. समजा भोक १२ मिमीचं आहे आणि पिस्टन ५० अंशांनी तापला, तर ॲल्युमिनियमचं भोक साधारण १४ मायक्रॉन मोठं होतं. केसाच्या जाडीपेक्षा बरंच कमी, पण पिनेचं फिटिंगही तेवढ्याच मापाचं असतं. म्हणून बोटानं जाते.

कॉनरॉड घरी तपासायचा असेल तर क्रॅंककेसच्या वरच्या तोंडावर, पॅकिंगची जागा साफ करून, सारख्या जाडीच्या दोन पट्ट्या रॉडच्या दोन बाजूंना ठेवा. पिन रॉडमध्ये घाला आणि क्रॅंक हळूहळू खाली फिरवत पिन पट्ट्यांवर टेकवा. दोन्ही टोकं एकदम टेकली पाहिजेत. एका बाजूला उजेड दिसला तर तिथे फिलर (फट मोजायची पातळ पट्टी) घालून माप घ्या आणि इथे लिहा. पण क्रॅंक फिरवायचा तो आतलं सगळं निघाल्यावरच.

रंकाळा_टूस्ट्रोक (रविवार, रात्री १०.०२)

ताई, मान्य. खपून गेलं एवढंच म्हणायचं होतं मला. उद्यापासून खाली ठेवतो. पोरांना कारण विचारलं तर हे पान दाखवतो.

मानेवाडा_आरएक्स (मंगळवार, रात्री ११.३०)

उशीर झाला, काल रात्री लाइट नव्हती.

आधी चांगली बातमी. शनिवारी उडालेलं नवीन लॉक सापडलं. क्रॅंककेसात नव्हतंच. आई सकाळी कूलरची खस धुवायला बाहेर काढत होती, तिच्या हाताला टोचलं. खसमध्ये अडकलेलं, टोकाला किंचित वाकलेलं. कूलर पिस्टनपासून सहा फुटांवर होता. आईनं ते तुळशीजवळ ठेवलं होतं आणि मला काही सांगितलं नव्हतं, कारण तिला वाटलं कूलरचाच भाग आहे.

आता दुसरी. इंजिन उतरवून चार विटांवर उलटं ठेवलं. खाली बाबांचं पांढरं जुनं धोतर. घासलेट मारलं. पहिल्यांदा नुसता काळा गाळ. दुसऱ्यांदा गाळ आणि एक गॅस्केटचा कपटा. तिसऱ्यांदा बाबा म्हणाले, बस झालं, काही नाही यात. मी म्हटलं एकदा अजून. क्रॅंक न फिरवता काकांनी सांगितली तशी नळी केली, बॉलपेनची, पुढे स्पीकरमधल्या चुंबकाचा तुकडा. कोपऱ्यात, क्रॅंकच्या पाख्याखाली जिथे गाळ घट्ट झाला होता तिथे खरवडलं, आणि नळीच्या तोंडाला काहीतरी आलं.

तारेचा तुकडा. गंजलेला, एका टोकाला तुटलेला, दुसऱ्या टोकाला घासून सपाट झालेला. वाकवलेल्या नखासारखा. बाबांनी तो तळहातावर घेतला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, उमरेड रोडला आवाज आला तो असाच होता, डब्यात खडा टाकल्यासारखा.

पट्ट्यांची तपासणीही केली, ताई. दोन सारखी हॅकसॉ ब्लेडं घेतली, दात घासून काढले. डावं टोक टेकलं, उजवीकडे उजेड. फिलर ०.१५ सहज जातो, ०.२० अडतो. म्हणजे रॉड वाकडा आहेच, नाही का? आता क्रॅंक पूर्ण खोलून रॉड किट आणि बेअरिंग टाकावं लागणार असं दिसतं. बाबा म्हणाले टाक, आता अर्धवट सोडायचं नाही. वरून म्हणाले, एक लॉक मी पण बसवून पाहीन, तू टेबलावरचं बसव.

हिंगणा_क्यूसी (मंगळवार, रात्री ११.५०)

हो, एवढ्या छोट्या पिनेच्या लांबीत ०.१५ म्हणजे खूप. रॉड सरळ करून वापरू नका, नवीनच टाका. क्रॅंक प्रेसवर जोडून झाल्यावर दोन्ही बाजूंचा रनआउट (फिरताना किती डगमगतो ते) डायल लावून पाहायला सांगा, समोर उभे राहून.

सक्करदरा_गॅरेज (बुधवार, सकाळी ६.४०)

शाब्बास बेटा. चौथ्यांदा घासलेट मारणारे फार कमी राहते.

पण हे सांग, तुकडा किती लांब? खोक्यातलं जुनं उजवीकडचं लॉक आहे ना तुझ्याजवळ, त्याच्या बाजूले ठेवून पाह्य. पूर्ण गोल होते का?

मानेवाडा_आरएक्स (बुधवार, सकाळी ८.१५)

नाही होत, काका. अर्ध्यापेक्षाही कमी आहे.

आत्ता सायलेन्सर काढला. उलटा करून हलवला, तर आत खुळखुळतंय.